व्हिसा अडतो कुठे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा एक नियम विमान कंपन्यांनी प्रवाशांना कळवला. ज्याच्या पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव आहे, म्हणजे आडनावाचा रकाना रिकामा आणि नावाच्या रकान्यात फक्त ‘सलमा’ किंवा नुसते ‘इब्राहिम’, त्याला भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. काही दिवसांतच खुलासा आला, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर ते धरले जाईल. रहिवासी परवाना असणाऱ्यांना हा नियम लागू नव्हता. तरीही त्या दिवसांत मुलाकडे किंवा जावयाकडे निघालेल्या कितीतरी घरांत तिकीट हातात घेऊन लोक पासपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून पाहत बसले.

ही बातमी वाचली तेव्हा आम्हां शिक्षकांच्या डोळ्यांसमोर शाळेचे जनरल रजिस्टर आले. कारण त्या एकशब्दी नावांची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच झालेली असते. व्हिसाला उशीर झाला की आपण वकिलातीला, एजंटला, नशिबाला बोल लावतो. वकिलातीच्या खिडकीवर उशीर होतो हे खरे आहे. पण पालघर, बोईसर, तारापूर या आपल्या पट्ट्यात आम्ही जे पाहतो, त्यावरून सांगावेसे वाटते, की उशिराचा मोठा भाग आपल्याच कपाटातल्या कागदांत वीस-पंचवीस वर्षे आधीपासून बसलेला असतो.

आपल्या भागातून परदेशाची वाट नवी नाही. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज भट्टी सुरू झाली, पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. पोलाद, रसायने, औषधे, कापड यांच्या कारखान्यांत वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन तयार झाले. अशा हातांना आखातात मागणी असते. शिवाय मुलगा मस्कतला, मुलगी लंडनला, आई-वडील इकडे, अशी कुटुंबेही आहेत. त्यांच्यासाठी व्हिसा म्हणजे सहल नसते. कुणाची नोकरी त्यावर असते, कुणाचे बाळंतपण, कुणाचा उमरा, आणि कधी कधी वडिलांच्या जनाज्याला पोहोचणे.

खिडकीपलीकडची दिरंगाई

आधी पलीकडच्या बाजूचे पाहू. कोरोनानंतर अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला अडीच वर्षांहून जास्त थांबावे लागत होते. मग त्यांनी कर्मचारी वाढवले, २०२३ च्या सुरुवातीपासून शनिवारीही मुलाखती घेतल्या आणि ज्यांना पूर्वी व्हिसा मिळालेला आहे अशा अनेकांना मुलाखतीतून सूट दिली. त्या एका वर्षात भारतात १४ लाख व्हिसा अर्जांचे काम झाले आणि पर्यटक व्हिसाची सरासरी प्रतीक्षा १,००० दिवसांवरून २५० दिवसांवर आल्याचे त्यांच्या दूतावासाने सांगितले. पुढे सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट पुन्हा बरीच आखडली.

युरोपातील शेंगेन देशांनी एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी वेगळी सोय केली. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरणाऱ्याला दोन वर्षांचा, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करण्याचा व्हिसा मिळू शकतो. दर वेळी तीच कागदपत्रे घेऊन रांगेत उभे राहणे त्यामुळे कमी होते.

यातून एवढे कळते, की दिरंगाई ही आभाळातून पडत नाही. माणसे वाढवली, ओळखीच्या प्रवाशाला सोपी वाट दिली, की ती कमी होते. नियम बदलला, की पुन्हा वाढते. ते आपल्या हातात नाही. मात्र आपल्या हातातला भाग आपण पाहतो का?

एक नाव, पाच रूपे

घरी नाव ठेवले जाते उर्दूत किंवा अरबीत. ग्रामपंचायतीत ते मराठीत लिहिले जाते. शाळेत मराठी किंवा उर्दू, बोर्डाच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी, आधारवर दोन भाषा, पासपोर्टवर फक्त इंग्रजी. दर टप्प्यावर लिहिणारा माणूस वेगळा. एकच अब्दुर्रहमान कुठे ‘अब्दुल रेहमान’ होतो, कुठे ‘अब्दुल रहमान’, कुठे अब्दुल गळून नुसता ‘रहमान’ उरतो. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे ‘मोहम्मद’ऐवजी ‘मोहं.’ आणि इंग्रजीत चार अक्षरांचे लघुरूप. शेख या आडनावाची इंग्रजी स्पेलिंग एकाच घरातल्या दोन भावांची वेगळी असते. मुलींच्या नावापुढचे बी, बानो, खातून, बेगम कधी नावात धरले जाते, कधी आडनावाच्या जागी बसते.

त्यात महाराष्ट्राची पद्धत आडनाव, नाव, वडिलांचे नाव अशी. उत्तरेकडून बोईसरला आलेल्या अनेक कुटुंबांत आडनावच नसते. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच रकाने आहेत, आडनाव आणि दिलेले नाव. कुणी वडिलांचे नाव आडनावात टाकतो, कुणी आडनाव रिकामे ठेवतो. आडनाव रिकामे असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही अक्षरे छापली जातात. ‘पहिले नाव माहीत नाही’ असा त्याचा अर्थ. पुढे तेच त्या माणसाचे नाव बनून बँकेत आणि नोकरीच्या कागदांवर फिरत राहते.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली बाणांच्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळ ४४ अक्षरांची, त्यात नावाला ३९ जागा. विमानतळावरचे यंत्र तीच ओळ वाचते. व्हिसाच्या अर्जात, तिकिटावर, विम्यावर नाव त्या ओळीप्रमाणेच लिहायचे. घरात काय हाक मारतात किंवा आधारवर काय आहे, ते तिथे चालत नाही.

१ जूनचे वाढदिवस

मागच्या पिढीत शाळेत नाव घालायला आजोबा किंवा काका येत. जन्मतारीख नेमकी सांगता येत नसे. मग सहा वर्षे पूर्ण होतील अशा हिशेबाने गुरुजी १ जून लिहीत. महाराष्ट्रात कितीतरी लोकांचा वाढदिवस याच दिवशी येतो, त्याचे कारण हे. देशात राहून ते खपून गेले. पण नंतर कुणी ग्रामपंचायतीतून जन्मदाखला काढला आणि त्यावर खरी तारीख निघाली, की एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा होतात. कुटुंबाच्या व्हिसासाठी दोन्ही कागद समोर आले, की परदेशी अधिकारी थांबतो. त्याला आपली १ जूनची गोष्ट माहीत नसते.

आता हा प्रश्न नव्या मुलांपुरता सुटत चालला आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे त्या दाखल्यात चूक राहिली तर पुढचे सगळेच चुकते.

इथे आपल्या भागाची एक खास अडचण सांगायला हवी. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मले तिथे होते, आई-वडील जिथे राहतात तिथे नाही. बाळंतपण माहेरी होते, किंवा अवघड केस म्हणून वापी, वलसाड, सिल्वासाला नेली जाते. मग दाखला तिथला निघतो. घाईत बाळाचे नाव न घालताच नोंद होते आणि घरी परतल्यावर ते राहून जाते. कायद्याप्रमाणे नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून दवाखान्यातून घरी येण्याआधी कोणत्या कार्यालयात नोंद झाली हे लिहून घ्यावे. अकीक्याच्या धामधुमीत हे एक काम यादीत असू द्यावे.

दहावी आणि पासपोर्टवरचा शिक्का

आम्ही वर्गात मुलांना सांगतो, दहावी अर्ध्यावर सोडू नका. याचे एक कारण पासपोर्टशी जोडलेले आहे. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येत नाही. जो दहावी नाही, आणि वय, आयकर किंवा परदेशातील तीन वर्षांचा मुक्काम अशा इतर सवलतींत बसत नाही, त्याच्या पासपोर्टवर तो येतो. सौदी अरब, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीला जायचे तर त्याला व्हिसाबरोबर उत्प्रवासी संरक्षकाची परवानगीही लागते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याची ही तरतूद आहे. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. अर्ज ‘ई-मायग्रेट’ या सरकारी व्यवस्थेतून होतो.

ही परवानगी म्हणजे नुसती अडवणूक नव्हे. करारातला पगार, मालकाचे नाव, कामाचे स्वरूप यांची तिथे नोंद होते. अशा कामगाराला प्रवासी भारतीय विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांसाठी हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण. जो एजंट ‘हे सगळे लफडे नको, भेटीच्या व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ म्हणतो, तो उशीर वाचवत नाही. तो आपल्या मुलाचे संरक्षण काढून घेतो. भेटीच्या व्हिसावर काम करताना पकडले गेले तर दंड, कोठडी, परत पाठवणी यांपैकी काहीही होऊ शकते. नोंदणीकृत एजंटची यादी ई-मायग्रेटवर पाहता येते. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन.

कुशल कामगारांसाठी आता आणखी एक चाळणी आली आहे. जानेवारी २०२५ पासून सौदी अरबने भारतीय कामगारांच्या शैक्षणिक आणि व्यावसायिक पात्रतेची व्हिसापूर्वी पडताळणी सक्तीची केली. आयटीआयच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळत नसेल, तर वेल्डिंगचा हात कितीही साफ असो, फाईल मागे पडते. तोवर मेडिकलची मुदत संपते, ती पुन्हा करावी लागते, आणि ती जागा दुसऱ्याला जाते.

निकाहनामा आणि कुटुंबाचा व्हिसा

नवरा कतारला, बायको पालघरला, आणि कुटुंबाच्या व्हिसाला महिने लागतात, अशी तक्रार आपण ऐकतो. यात तीन गाठी असतात. पहिली, निकाहनामा उर्दूत असतो आणि सरकारी नोंदणी झालेली नसते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेत करता येते. परदेशी कार्यालयाला ते प्रमाणपत्र समजते. दुसरी, मुलीचे नाव निकाहनंतर एका कागदावर बदललेले आणि दुसऱ्यावर तसेच. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. ज्या बहिणीची गुणपत्रिका, पदवी आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने आहेत, तिने तेच नाव ठेवले आणि पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर पतीचे नाव घातले, तर बरेच सोपे जाते.

तिसरी गाठ साक्षांकनाची. भारत २००५ मध्ये ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. ओमान आणि बहरीन त्यात आहेत, सौदी अरबही डिसेंबर २०२२ पासून आला. तिथे राज्य पातळीवरच्या शिक्क्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल पुरते. अमिराती, कुवेत, कतार या करारात नाहीत, म्हणून परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. कोणत्या देशाला काय लागते हे आधी विचारले नाही, तर पैसे दोनदा जातात आणि बोईसरहून मुंबईच्या फेऱ्या वाढतात.

परदेशातली नातवंडे

आता उलटा प्रवास. मुलगा ब्रिटनचा किंवा कॅनडाचा नागरिक झाला, नातवंडे तिथेच जन्मली. त्यांना सुट्टीत दादा-दादीकडे यायचे तर दर वेळी व्हिसा, किंवा एकदाच ओसीआय कार्ड. हे कार्ड २००५ च्या दुरुस्तीने सुरू झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये जुने पीआयओ कार्ड त्यात विलीन झाले. पूर्वी पासपोर्ट बदलला की कार्डही बदलावे लागे, त्यामुळे ऐन प्रवासाच्या वेळी लोक अडकत. एप्रिल २०२१ मध्ये हे सोपे झाले. वयाची २० वर्षे पूर्ण होण्याआधी कार्ड घेतलेल्याने २० नंतर नवा पासपोर्ट घेतल्यावर एकदाच नवे कार्ड काढायचे. एरवी नव्या पासपोर्टची माहिती ऑनलाईन भरायची, त्याला शुल्क नाही.

ओसीआयच्या अर्जातही आई-वडिलांचे किंवा आजी-आजोबांचे भारतीय कागद लागतात. आजोबांचा जुना पासपोर्ट ‘संपला’ म्हणून टाकून दिला असेल, तर पुरावा शोधत बसावे लागते. जुने, रद्द झालेले पासपोर्ट जपून ठेवा. आणि ज्यांचे नातेसंबंध सीमेपलीकडे आहेत त्यांनी लक्षात ठेवावे, की आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबांपैकी कुणी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही. अशा मुलांना व्हिसाच घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. निकाहाची तारीख ठरवताना तो हिशेब धरावा.

आता काय करावे

एका सुट्टीच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचे कागद चटईवर ओळीने मांडा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, पासपोर्ट, निकाहाचे प्रमाणपत्र. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर लावून पाहा. फरक वहीत लिहा. मग घाई न करता ठरवा, की कोणता कागद पाया मानायचा. लहान मुलांसाठी जन्मदाखला, मोठ्यांसाठी शक्यतो दहावीची गुणपत्रिका. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून ‘आधार आधी बदलून टाकू’ असे करू नका. पाया ठरला, मगच आधारला हात लावा.

मूल शाळेत शिकत असेल तर आजच मुख्याध्यापकांना भेटा. रजिस्टरमधील दुरुस्ती मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात करू शकत नाहीत. पुरावे जोडून शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते. पण मूल शाळेत असेपर्यंत ती वाट सरळ आहे. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. दहावीचा फॉर्म भरल्यावर बोर्डाकडून प्री-लिस्ट येते आणि विद्यार्थ्याची सही घेतली जाते. त्या दिवशी मुलाला पासपोर्ट किंवा जन्मदाखल्याची प्रत घेऊन पाठवा. ती एक सही पुढची अनेक वर्षे वाचवते.

नाव खरोखर बदलायचे असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करता येते, अर्ज ऑनलाईन होतो. मात्र राजपत्राने जुने कागद आपोआप बदलत नाहीत. आणि ज्याचा परदेशात रहिवासी परवाना चालू आहे त्याने मालकाला आणि तिथल्या कार्यालयाला विचारल्याशिवाय पासपोर्टवरचे नाव बदलू नये. परवाना जुन्या नावाशी जोडलेला असतो.

पासपोर्टची मुदत संपायच्या वर्षभर आधी नूतनीकरण करा, कारण अनेक देश किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी अर्जात तोच पत्ता द्यावा जिथे पोलीस आल्यावर आपण सापडू. कामाच्या पाळीमुळे दार बंद मिळाले आणि अहवाल विरुद्ध गेला, अशी प्रकरणे आमच्या माहितीत आहेत.

शासनाकडेही मागणे आहे. २०२३ मध्ये ‘शासन आपल्या दारी’ या उपक्रमात अनेक दाखले एका मांडवात दिले गेले. तसाच नाव आणि जन्मतारीख दुरुस्तीचा एक दिवस तालुक्याला का नसावा? ग्रामसेवक, शिक्षण विभाग, आधारचा माणूस एकाच ठिकाणी बसले तर दहा फेऱ्यांचे काम एका दिवसात होईल. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तो याचसाठी, की लोकांना ठाण्याला जावे लागू नये.

आणि मशिदीच्या जमातींना, महिला मंडळांना विनंती. जूनमध्ये शाळाप्रवेश होतात. त्याआधी मे महिन्यात एक दिवस कागद तपासणीला द्या. ज्याला इंग्रजी येते अशा कॉलेजच्या मुला-मुलींना बसवा. उर्दू नावाची मराठी आणि इंग्रजी अक्षरे एकदा ठरवून, पालकांची सही घेऊन, प्रत्येक मुलाला छोटी चिठ्ठी द्या. तीच चिठ्ठी शाळेत, आधार केंद्रात, पासपोर्ट कार्यालयात दाखवता येईल. येत्या जूनमध्ये पहिलीत बसणारे मूल २०४० च्या आसपास पहिला व्हिसा मागेल. तेव्हाचे नियम काय असतील ते अल्लाह जाणे, पण त्याचे नाव सगळीकडे एकच असेल, एवढे आपण आज करू शकतो.